भुंड्यानं अंग झाडलं नाही

आज कोरटवाडीत ठकूबाईचं नाव निघालं की म्हातारे कानाला हात लावतात. ती जिवंत होती तेव्हा तिला “ए पखालीण” एवढीच हाक होती.

फार वर्षांपूर्वीची, पटकीच्या साथीतली ही गोष्ट. गावची विहीर नासली होती आणि घरोघरी माणूस आडवा पडत होता. डोंगराखालच्या झऱ्याचं पाणी तेवढं चांगलं होतं, ते एकटी ठकूबाई आणत होती. तिचा रेडा भुंड्या, काळा कुळकुळीत, एक शिंग मोडलेला. त्याच्या पाठीवर पाण्यानं भरलेली कातड्याची पखाल. ती सारखी ठिबकायची, त्यामुळं भुंड्याची पाठ बारा महिने ओली. ज्या घरात सख्खा मुलगा शिरत नव्हता तिथं ठकूबाई शिरायची, आजाऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजायची. तिच्या हातचं पाणी पोटात गेलं की मेलेलं माणूस डोळे उघडायचं, असं म्हणतात.

गावातली शहाणी माणसं मात्र पारावर बसली होती. बसून बसून त्यांनी ठरवलं, मरीआईला रेडा द्यायचा. काळा, बिनडागाचा. तसा रेडा दाजी पाटलाच्या गोठ्यातही होता, पण तो कुणाला दिसला नाही.

“भुंड्याला कापलं तर पाणी कोण आणील, पाटील?” ठकूबाईनं विचारलं.

“आई आणील,” सटवा भगत मधेच म्हणाला. “तू गप पखाल सोड.”

“आईला मोडक्या शिंगाचा चालतो व्हय? पाटलाचा दोन शिंगांचा हाय की!”

बाया पदराआड हसल्या. पाटलाचं तोंड काळं ठिक्कर पडलं.

रीत अशी होती: जनावराच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं, तर आईनं ते मान्य केलं. त्याशिवाय सुरा लावायचा नाही. सटव्यानं तांब्या ओतला. भुंड्या उभाच. जन्मभर ओल्या पाठीनं चाललेलं जनावर ते, त्याला पाणी पडलेलं कळलंसुद्धा नाही. घागर ओतली. रवंथ चालूच. मग पखालच मोकळी करायला लागले. घराघरांत माणसं पाणी पाणी करत मरत होती, आणि ही जाणती मंडळी प्यायचं पाणी रेड्याच्या पाठीवर ओतत होती.

“अवो, त्याला सवय हाय पाण्याची! माणसांना पाजा ते!” ठकूबाई ओरडली आणि भुंड्याच्या गळ्याला मिठी मारून उभी राहिली. शेवटची घागर दोघांच्या अंगावर पडली. तिच्या पोटात कित्येक दिवस अन्न नव्हतं, अंगात ताप मुरला होता. ती थडथडा कापायला लागली.

सटव्याची अब्रू चालली होती, ती वाचली. “झाडलं! अंग झाडलं!” तो किंचाळला. “आईनं हिलाच मागितली!”

“थंडी वाजतीया रं, मुडद्या,” ठकूबाई म्हणाली. गावात तिचं हे शेवटचं बोलणं.

कुणी सुरा उगारला नाही. तेवढीही छाती नव्हती कुणाची. लिंबाचा पाला, भात, हळद-कुंकू घातलेली रोगाची पाटी तिच्या डोक्यावर दिली आणि तिला हद्दीकडं हाकललं. हद्दीपलीकडं शेजारचं गाव काठ्या घेऊन उभं होतं, तुमचा रोग आमच्यात नको म्हणून. मागं वळावं तर आपल्याच माणसांचे दगड. तिनं ज्यांना पाणी पाजलं, त्यांचेही. मग ती हद्दीवरच खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

भुंड्या दावं तोडून तिच्यामागं गेला. तिच्यावर सावली धरून उभा राहिला आणि उभ्या उभ्या दगड झाला, असं म्हणतात. गावात पाणी आणायला कुणी उरलं नाही. पाटील गेला, सटवा गेला, पारावरचे निम्मे गेले. देवीचा कोप, म्हणे. कसला कोप? तहानेनं मेले.

तो दगड अजून हद्दीवर आहे. भर उन्हाळ्यात त्याची पाठ ओली असते. जत्रेला जनावर कापायचं तर आधी ठकूबाईच्या रेड्याला विचारायचं, अशी रीत पडली. बायका झऱ्याचं पाणी आणून दगडावर ओततात आणि सगळं गाव त्यानं अंग झाडायची वाट बघतं. दगड आजवर हललेला नाही. बकरं सोडून देतात.

पाणी ओतताना बायका दगडापासून हातभर लांब उभ्या राहतात, अंगावर थेंब उडून शहारा येऊ देत नाहीत. कारण म्हातारे अजूनही सुऱ्याला धार लावूनच येतात.