पुलाचं ठिगळ

महामार्ग रुंद करायला अंबवड्याचा दगडी पूल पाडणार होते. वारसा म्हणून नोंद झाली तरच तो वाचणार होता. पाहणीला आलेले गोसावी साहेब भल्या पहाटे गोधडी लपेटूनच गाडीतून उतरले.

"कठडा नवा, एक कमान पुरानंतरची," ते फटकन म्हणाले. "नियमात मूळचाच पूल बसतो, बाई."

सरपंच भामाबाई वाद घालायला पुढे सरसावल्या. याच पुलावरून त्या सासरी आल्या होत्या. पण त्यांची नजर गोधडीवर गेली.

"उबदार दिसते. कुणी शिवली?"

"आईनं. आई गेली, ही राहिली."

"आणि हे नवं ठिगळ?"

"बायकोनं लावलं. फार विरली होती."

"मग आता ती बायकोची म्हणायची?"

"छे! आईचीच!"

साहेबांनी ठिगळाकडे पाहिलं. मग नव्या कठड्यावरून त्यांनी हळूच हात फिरवला.

"मूळचाच आहे हो, बाई."