रिकामी फुलं

एका गावात एक दोर वळणारा होता. स्वस्थ बसणं म्हणून त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं. जेवतानासुद्धा त्याचा डावा हात काथ्याचा पीळ चाचपत असायचा. आणि दुसरं कुणी रिकामं बसलेलं दिसलं, की याच्या कपाळावर आठी.

लेक लहान असतानाच त्याची बायको गेली. तीच लेक आता सासरी होती. तिला दिवस गेल्याचा निरोप आला आणि सोबत एक मागणंही आलं. "बाबा, सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला येईन, तेव्हा आपल्या अंगणातल्या घोसाळ्याची भजी करा. बाजारातली नकोत."

मग काय, बापाला चेव आला. त्याने बी रात्रभर भिजवलं, शेणखत घालून आळं केलं, स्वतः वळलेल्या दोरांचा मांडव बांधला. वेल हातभर वाढल्यावर फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडा खुडला. बघता बघता वेलाने मांडव झाकून टाकला आणि पिवळीधमक फुलं आली.

इथेच घोळ झाला. थोड्या फुलांच्या मागे बोटाएवढं घोसाळं दिसे. बाकीची, आणि तीच जास्त, नुसतीच देठावर फुललेली. त्याला ती बघवेनात. "सगळी फुकटखाऊ," तो पुटपुटला आणि रोज सकाळी ती एकूणएक खुडू लागला.

त्याची थोरली बहीण त्याच्याच घरी राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. ती ओट्यावरून म्हणाली, "असू देत की रे. फुलली आहेत तर फुलू देत."

"तुला त्यांची कणव येणारच, अक्का. तूही दिवसभर बसूनच असतेस."

दुसऱ्या दिवशी अक्काने गाठोडं बांधलं आणि नदीपलीकडच्या गावी चुलतबहिणीकडे निघून गेली. त्याला आतून फार वाईट वाटलं. पण तो उठला तो बहिणीला अडवायला नाही, दोर वळायला.

इकडे वेलावरची कोवळी घोसाळी पिवळी पडून गळायला लागली. त्याने पाणी वाढवलं, मग कमी केलं, खत घातलं, राख टाकली. गळती काही थांबेना. रात्री डोळ्याला डोळा लागेना. डोहाळजेवणाचा दिवस उजाडला, लेक दारात आली, तरी मांडवावर एक घोसाळं नव्हतं.

शेवटी तो छपरावर चढला. वेलाची एक फांदी कौलांवरून पार टोकाला गेली होती. तिथे त्याचा हात कधी पोचला नव्हता, म्हणून दोन-चार रिकामी फुलं वाचली होती. त्यातल्या एकातून मधमाशी बाहेर आली, अंगभर पिवळी भुकटी माखून, आणि शेजारच्या, मागे घोसाळं असलेल्या फुलात शिरली. त्याच फांदीवर एक घोसाळं चांगलं वीतभर वाढलेलं होतं. तो कौलांवर बसून राहिला. ही भुकटी मिळाल्याशिवाय घोसाळं धरत नाही, आणि ती देणारी फुलं आपणच खुडली, हे त्याला आता कळलं.

एका घोसाळ्याची ताटलीभर भजी झाली. लेकीने ताटलीकडे पाहिलं, मग ओट्याकडे.

"आत्या कुठे आहे, बाबा?"

"गेली चुलत आत्याकडे. इथे नुसती बसूनच तर असायची," तो चाचरत म्हणाला.

लेकीने ताटली बाजूला सारली. "आई गेली तेव्हा तुम्ही दिवसभर दोर वळत होतात, बाबा. आत्या बसलेली असायची, म्हणून तर मला मांडी मिळाली."

त्याने हातातला काथ्या खाली ठेवला, चपला घातल्या आणि नदीची वाट धरली. अक्काच्या पुढ्यात तो मान खाली घालून उभा राहिला. "चुकलो, अक्का. घरी चल."

ती दोघं परतली तेव्हा दिवस कलला होता आणि भजी गार झाली होती. लेक तशीच थांबली होती. आत्या ओट्यावर टेकली, तसं तिने आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिच्या हातचं भजं खायला तोंड उघडलं.

तात्पर्य: एखाद्याचं काम आपल्याला दिसत नाही, म्हणून तो बिनकामाचा ठरत नाही.