घासणारी तबकडी

"सिद्रामला मठातून कधी काढणार, अक्का?"

विरूपाक्ष दारात उभा होता. पायातल्या चपला पायातच होत्या.

गडहिंग्लजकडच्या त्या लहानशा मठाच्या अक्का ओसरीवर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय केलं त्यानं?"

"केर काढताना माझी हार्ड डिस्क टेबलावरून पाडली."

तीन वर्षं गावोगाव हिंडून विरूपाक्षानं म्हाताऱ्या बायकांची पदं रेकॉर्ड केली होती. त्यातल्या कितीतरी बायका आता राहिल्या नव्हत्या. सगळं त्या एका डबीत होतं. दुसरी प्रत करून ठेव, असं अक्कांनी एकदा सुचवलं होतं. तो हसला होता.

"बिघडली?"

"घरघरतेय. तुम्हाला नाही कळायचं ते. आत तबकडी असते, तिच्यावर सुईसारखं काहीतरी फिरतं. आता ते तबकडीला घासतंय. दर फेऱ्याला एकेक पद खरवडून जातंय."

"मग तू काय केलंस?"

"त्याला शोधलं. विहिरीवर सापडला. चारचौघांत गचांडी धरली. निगरगट्ट कुठला."

"कधी पडली?"

"सकाळी, पूजा चालू होती तेव्हा."

ऊन आता अंगणाच्या मध्यावर आलं होतं.

"आवाज अजून येतोय?"

"येतोय तर. बंदच केली नाही मी. स्वतःच्या कानांनी ऐका, म्हणजे कळेल त्यानं काय करून ठेवलंय."

अक्कांच्या हातातली जुडी खाली पडली. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि त्याच्याकडं न बघता तडक त्याच्या खोलीकडं निघाल्या.

खोलीबाहेर सिद्राम भिंतीला टेकून उभा होता. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं.

"बंद करू का विचारलं होतं, अक्का," तो हळूच म्हणाला. "हात लावलास तर हात मोडीन म्हणाले."

आत कॉम्प्युटरशेजारी ती काळी डबी करकरत होती. पत्र्यावर खिळा ओढावा तशी.

अक्कांनी वायर धरली आणि ओढली.

"अशी ओढायची नसते," विरूपाक्ष मागून ओरडला. "आधी नीट..."

तो थांबला. खोलीत काहीच वाजत नव्हतं.

त्यानं डबी उचलली. तळहाताला चटका बसावा इतकी ती तापली होती. तरी त्यानं ती खाली ठेवली नाही.

"काय उरलं असेल यात..."

अक्का दाराकडं निघाल्या.

त्यानं मागून विचारलं, पण आवाजात आता पहिली धार नव्हती.

"आणि सिद्रामचं काय? पाडली ती त्यानंच ना?"

अक्का दारात वळल्या. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"त्यानं एकदाच पाडली, विरूपाक्षा."