सत्तावन्नवर थांबलेला काटा

एका तालुक्याच्या गावात केरबा नावाचा एक घड्याळजी राहत होता. एसटी स्टँडसमोर त्याचं हातभर दुकान. भिंतभर घड्याळं टांगलेली आणि सगळ्यांत एकच वेळ. गावात लग्नाच्या मुहूर्तावरून वाद झाला, तर लोक शेवटी केरबाच्या दुकानात डोकावत. केरबा सांगेल ती वेळ. गावानं त्याला एवढाच मान दिला होता आणि त्याला तो पुरत होता.

या केरबाला एक वेड होतं. गावच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ. त्याच्या घरात कधी कुणी चेंडूला हात लावला नव्हता. पण चौदा वर्षांपूर्वी तो कॉलेजच्या व्हरांड्यातलं मोठं घड्याळ दुरुस्त करायला गेला. मुली मैदानावर सराव करत होत्या. केरबा हत्यारांची पिशवी घेऊन जो उभा राहिला, तो तासभर हललाच नाही. ते घड्याळ दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. तेव्हापासून कोण डाव्या हातानं बास्केट टाकते, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा बूट फाटलाय, सगळं त्याला पाठ. त्याची बायको सुलाबाई म्हणायची, "आपलं लगीन कुठल्या साली झालं, तेवढं इचारू नका ह्यांना."

हे वेड कॉलेजच्या कामी आलं. सामन्याला वेळ धरायला खात्रीचा माणूस लागतो. संघाचे प्रशिक्षक दळवी सर केरबाकडे आले आणि केरबा टेबलावर बसू लागला. समोर पितळी घंटा, हातात कळ दाबायचं जुनं स्टॉपवॉच. सामन्याआधी तो दोन्ही कप्तानांच्या हातात घड्याळ देई आणि म्हणे, "तपासून घ्या, बाई." दोघींनी कळ दाबून बघितल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. टेबलावरच्या माणसाला टाळी वाजवता येत नाही, ही मात्र मोठी शिक्षा होती. केरबानं त्यावर उपाय काढला होता. उजव्या हातात घड्याळ, आणि डावा हात मांडीखाली दाबलेला. चौदा वर्षांत तो हात एकदाही मांडीखालून निघाला नव्हता.

दरवर्षी हंगामाचा पहिला सामना शहरातल्या कॉलेजशी असे, आणि दरवर्षी शहराचं कॉलेज जिंकून जाई. सलग नऊ वर्षं. आता पहिलाच सामना तो. जिंकलं म्हणून कुणी कप देत नाही, हरलं म्हणून कुणी घरी पाठवत नाही. पण हे गावाला सांगायची सोय नव्हती आणि केरबाला तर मुळीच नव्हती. दरवर्षी त्या संध्याकाळी तो न जेवता झोपे.

यंदा गोष्ट वेगळी होती. मयूरी घोरपडे कप्तान होती. उंच, शांत, आणि चेंडू हातात आला की समोरचीला हां हां म्हणता मागे टाकणारी. सामना चार वाजता सुरू झाला. सिमेंटच्या मैदानाभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. पहिल्या तीन भागांत कधी या पुढे, कधी त्या. चौथ्या भागाची दहा मिनिटं सुरू झाली तेव्हा केरबाच्या तोंडाला कोरड पडली होती. पाण्याचा तांब्या शेजारीच होता, पण घ्यायला हात नव्हता.

नऊ मिनिटं सत्तावन्न सेकंद झाले आणि चेंडू रेषेबाहेर गेला. पंचांनी शिट्टी वाजवली, केरबानं कळ दाबून काटा थांबवला. शहर बावन्न, गाव एक्कावन्न. उरले तीन सेकंद, आणि चेंडू गावाचा.

नियम साधा आहे. चेंडू बाहेरून आत टाकायचा, आतल्या मुलीनं त्याला हात लावला की घड्याळ सुरू. केरबानं अंगठा कळीवर ठेवला. चेंडू आत आला. मयूरीनं तो घेतला आणि निघाली. समोर एक जण आली, तिला चुकवलं. दुसरी आली. केरबा टेबलावरून पुढं झुकला. मयूरी उजवीकडं निघाल्यासारखं करून डावीकडं वळली, उडाली, आणि चेंडू रिंगवर एकदा आपटून जाळीतून खाली आला.

मैदान फुटलं. लोक दोऱ्या ओलांडून आत घुसले. केरबाचा डावा हात कधी मांडीखालून निघाला, हे त्यालाच कळलं नाही. तो हात घंटेवर पडला. टण्ण करून घंटा वाजली, सामना संपला. गाव त्रेपन्न, शहर बावन्न. नऊ वर्षांनी. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यानं मान खाली घातली, आणि त्याला हातातलं घड्याळ दिसलं.

काटा सत्तावन्नवरच होता.

केरबानं पुन्हा एकदा बघितलं. त्यानं घड्याळ कानाशी नेलं. टिकटिक नव्हती. त्यानं कळ दाबलीच नव्हती. मयूरी निघाली आणि तो घड्याळजी राहिलाच नाही, नुसता बघ्या झाला. बरं, त्याच्या कानाला सेकंदाची सवय अशी, की घड्याळ किती मागं पडतं हे तो नुसतं ऐकून सांगे. त्यानं मनातल्या मनात सगळं परत ऐकलं. चेंडूचा पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मग ते वळणं, मग उडी. साडेचार सेकंद तरी नक्कीच. म्हणजे चेंडू मयूरीच्या हातात होता तेव्हाच सामना संपला होता.

कुणाला काही कळलेलं नव्हतं. नाही म्हणायला शहराच्या प्रशिक्षक सामंत मॅडम तेवढ्या तरातरा टेबलाकडं आल्या.

"वेळ जास्त गेला, सर," त्या पंचांना म्हणाल्या. "तीन सेकंदांत एवढं होत नाही."

पंच बाहेरगावचे होते. त्यांनी केरबाकडं बघितलं. "काय अण्णा, घड्याळ बरोबर?"

केरबाची मान हलली. होय म्हणून हलली. ती त्यानं हलवली की आपोआप हलली, हे त्याला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही.

पंचांनी गुणपत्रक पुढं ओढलं. सामना संपला की त्यावर टेबलावरच्या लोकांच्या सह्या होतात आणि सगळ्यांत शेवटी मुख्य पंचांची. त्यांची सही झाली, की मग देव आला तरी निकाल बदलत नाही. गुण लिहिणाऱ्या मास्तरांनी सही केली आणि पेन केरबाच्या हातात दिलं.

पेन हातात घेऊन केरबा बसून राहिला. मैदानात पोरींनी मयूरीला उचललं होतं. दळवी सर, ज्यांना गावात कुणी हसताना बघितलं नव्हतं, ते रुमालात तोंड घालून हसत होते की रडत, हे कळत नव्हतं. केरबाचं मन त्याला समजावू लागलं. मी मुद्दाम केलं का? नाही. पंचांना तरी दिसलं का? नाही. मागच्या साली त्यांच्या पोरीचा पाय रेषेबाहेर होता, तेव्हा कोण बोललं? आणि सांगून मिळणार काय? या पोरींचं हसू जाणार, गाव तोंडात शेण घालणार, आणि उद्यापासून दुकानात कोण वेळ विचारायला येणार? नुसती एक सही. तीन अक्षरं. पेनाचं टोक कागदाला टेकलं.

तेवढ्यात त्याच्या पाठीमागं सामंत मॅडम आपल्या मुलींना म्हणाल्या, "चला गं, बॅगा भरा. अण्णांनी सांगितलं म्हणजे वेळ बरोबरच असणार. मीच चुकीचं मोजलं."

त्या रागानं बोलल्या असत्या, तर केरबानं सही करून टाकली असती. त्या साधेपणानं बोलल्या. त्यांचा खरंच विश्वास बसला होता.

केरबानं पेन खाली ठेवलं. घड्याळ पंचांच्या पुढं सरकवलं.

"सायेब, सही थांबवा," तो म्हणाला. "म्या कळ दाबलीच न्हाई. काटा बघा. तीन शेकंदाच्या वर गेलाय येळ. मघाशी मान हलवली, ती खोटी हलवली."

पंचांनी घड्याळ उचलून बघितलं. मग सहपंचांना बोलावून दोघं बाजूला जाऊन बोलले. परत आले तेव्हा मैदानावर चिडीचूप झालं होतं. बास्केट रद्द. गुण पुन्हा एक्कावन्न आणि बावन्न. मैदान रिकामं करा, शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळायचे.

मग जे व्हायचं ते झालं. मागून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तुम्ही आमच्यातलं का त्यांच्यातलं?" दुसऱ्या कुणी त्याहून वाईट काही म्हटलं. दळवी सर जवळ आले, म्हणाले, "हे काय करून बसलात?" आणि उत्तराची वाट न बघता वळले. केरबानं मान वर केली नाही. लाज खोटी मान हलवल्याची वाटत होती की खरं सांगितल्याची, हेही त्याला कळेना.

मयूरी टेबलापाशी आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"किती टप्पे घेतले मी, अण्णा?"

"पाच, बाई."

तिनं बोटांवर मोजलं. "पाच जास्तच झाले," ती म्हणाली. मग तिनं टेबलावरचं घड्याळ उचललं, कळ दाबून सुरू केलं, थांबवलं, शून्यावर नेऊन पुन्हा चालवलं, काटा बरोबर सत्तावन्नवर थांबवला आणि शहराच्या कप्तानाच्या हातात दिलं. तिनंही काटा बघून केरबाला परत दिलं. एवढ्या लोकांत त्या दोघींनाच ती रीत आठवली होती.

केरबानं डावा हात मांडीखाली घातला आणि वरून सगळं अंग टाकून बसला. अंगठा कळीवर. पंचांनी चेंडू दिला. शहराच्या पोरी आता शहाण्या झाल्या होत्या. दोघी मयूरीला खेटून उभ्या होत्या.

चेंडू आत आला. मयूरीच्या बोटांना लागला. केरबानं कळ दाबली आणि त्याच क्षणी नजर मैदानावरून काढून काट्यावर आणली. नऊ वर्षं ज्या बास्केटची वाट बघितली ती पडणार असेल तर आत्ता पडणार होती, आणि त्याला ती बघता येणार नव्हती. मान वर करावी म्हणून मानेच्या शिरा ताठल्या. त्यानं केली नाही.

अठ्ठावन्न. बुटांची किरकिर झाली. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मयूरी अडकली असणार, तिनं दुसऱ्या कुणाला तरी दिला असणार. कुणाला? एकोणसाठ. "रुखसार!" कुणीतरी किंचाळलं. रुखसार मुजावर, संघातली सगळ्यांत बुटकी, फाटक्या बुटांची पोर. मग काहीच आवाज नाही. काटा साठवर आला.

केरबानं घंटा वाजवली.

त्यानंतर जाळीचा आवाज आला, की जाळी नुसती वाऱ्यानं हलली, हे त्याला समजलं नाही, कारण लगेच ओरडा झाला. तो कुणाचा ओरडा होता तेही समजेना. केरबानं आधी घड्याळ थांबवलं, मग मान वर केली. समोर नुसत्या माणसांच्या पाठी होत्या. त्या पाठींतून वाट काढत पंच टेबलाकडं आले आणि गुण लिहिणाऱ्या मास्तरांना त्यांनी दोन बोटं दाखवली. घंटेच्या आधी चेंडू हातातून सुटला होता. दोन गुण गावाला.

गुणपत्रक परत फिरलं. या खेपेला केरबानं सही केली. सही जरा वाकडी आली. सामंत मॅडम जाता जाता त्याच्यापाशी थांबल्या. हरलेल्या माणसाचा चेहरा होता, तो त्यांनी लपवला नाही. म्हणाल्या, "महिन्यानं परतीचा सामना आहे आमच्याकडं. घड्याळ धरायला याल का, अण्णा? आमच्या माणसापेक्षा तुम्ही असलेले बरे."

केरबा घरी आला तेव्हा सगळ्या गल्लीला बातमी कळलेली होती. वाटेत दोघा-तिघांनी त्याला बघून तोंड फिरवलं होतं, आणि एकानं न बोलता पाठीवर हात ठेवला होता. सुलाबाईनं ताट वाढलं. पहिल्या सामन्याच्या रात्री केरबा नऊ वर्षांनी जेवायला बसला.

"समदी म्हणतात, अशी बास्केट कवा बघितली न्हाई," सुलाबाई म्हणाली. "तुम्ही तर अगदी पुढ्यात बसलेला. कशी व्हती, सांगा की."

केरबानं भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला.

"येळेत व्हती," तो म्हणाला, आणि जेवू लागला.

तात्पर्य: ज्याच्यावर दोन्ही बाजूंनी विश्वास टाकला आहे, त्यानं आपल्या माणसांना जीव जरूर लावावा, पण नजर आपल्या कामावरून काढू नये; आणि चुकून निघालीच, तर सही होण्याआधी बोलावं.