पाच हलग्या, एक कोठार

फार पूर्वीची, बातमी पायांनी चालत यायची तेव्हाची ही गोष्ट. एका मोठ्या तळ्याखाली एक नगर वसलं होतं. नगरात पाच पेठा, आणि प्रत्येक पेठेचा स्वतःचा दवंडीवाला. जुन्या राजाने नियमच घातला होता, की एका धन्याच्या हाती एकच हलगी. सुगीत पेठेतली घरं आपापल्या दवंडीवाल्याला सूपभर धान्य घालत. म्हणून तो पेठेचं गाऱ्हाणं पेठेच्याच तोंडाने सांगे.

पुढे एक बडा शेठ म्हणाला, "लोकहो, तुम्हाला कशाला तोशीस? पाचही जणांना मी पोसतो." लोक हरखले. अहो, फुकट म्हटलं की गिऱ्हाईक तराजूकडे बघतच नाही!

खालच्या पेठेत एक कुंभारीण राहायची. माती आणायला तळ्यावर गेली, तर बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना तिला दिसलं. म्हणजे बांध आतून पोखरत चालला होता. पण ते तळं भरलेलं राहण्यावर शेठचा ऊस उभा होता. बांध वाचवायला पाणी सोडलं की ऊस वाळणार.

तिने पेठेचा दवंडीवाला गाठला. "भाऊजी, हलगी घ्या अन् निघा. बांध जातोय."

तो खाली बघत म्हणाला, "वहिनी, विचारून सांगतो."

"आता बांध फुटायचाय, हेही कुणाला तरी विचारायचं?"

तो शेठच्या वाड्याकडे निघाला. दुसऱ्या दिवशी पाच पेठांत पाच हलग्या वाजल्या. चाली वेगवेगळ्या, बोल एकच : "ऐका हो! तळं ठणठणीत आहे. अफवा पसरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका!"

कुंभारीण तडक दिवाणाकडे गेली. दिवाण हसला. "बाई, नियमात कुठे खोट आहे? पाच हलग्या, पाच माणसांच्या नावावर. मी स्वतः मोजल्या."

"हलग्या मोजल्यात, दिवाणजी. त्यांच्या चुली कुणाच्या दाण्यावर पेटतात, ते बघितलंत?"

"ते बघणं माझं काम नाही."

काम नाही! मग डोक्यावर पगडी कशाला मिरवतोस रे बाबा? मंडळी, पाच दुकानांना पाच पाट्या लावून एकाच गोदामातला किडका माल खपवणारे बाजारात पुष्कळ असतात. पण त्यांच्याकडे बघून 'बाजार कसा छान भरलाय' म्हणत स्वतःची पाठ थोपटणारा दिवाण म्हणजे कमालच झाली!

कुंभारीण घरोघर फिरली. काही जण जीव वाचवायला तिच्याबरोबर जवळच्या टेकडीवर निघाले. तिची जाऊ मात्र हलेना.

"अगं, एकाने सांगितलं असतं तर मीही शंका घेतली असती. पाचही जण तेच सांगतायत. ते पाचही खोटे, आणि तू एकटी शहाणी?"

कुंभारणीने तिचा हात धरून ओढला. जावेने तो सोडवून घेतला आणि ती भाकऱ्या थापायला बसली.

दुपारी बांध फुटला. दवंडीवाले तेव्हा वेशीच्या बुरुजावर होते. त्यांनी बांधाला भगदाड पडताना पाहिलं. एक टिपरू हाणलं असतं, तरी निम्मं नगर पळालं असतं. पण ते टिपरू हातात धरून शेठच्या कारभाऱ्याची वाट बघत उभे राहिले.

शेठ खालच्या बाजारात कोठारात होता. तुळईला लोंबकळत कसाबसा वाचला. बाहेर येताच तो ओरडला, "डोळे फुटले होते का रे तुमचे? हलगी का नाही वाजवलीत?"

"मालक," दवंडीवाले म्हणाले, "तुमचा निरोप आला नव्हता."

जाऊ सापडली ती उसाच्या फडात, चिखलाखाली.

कुंभारीण राजासमोर उभी राहिली. म्हणाली, "महाराज, तुमच्या आज्याने नियम चांगला केला होता. तुम्ही त्याचं टरफल तेवढं जपलंत."

राजाची मान खाली गेली. दिवाणाची पगडी उतरली. तेव्हापासून राजाची माणसं हलगीआधी दवंडीवाल्याची कणगी तपासू लागली. दोन घरांत एकाच कोठाराचा दाणा सापडला, की दोन्ही हलग्या काढून घेऊन ज्या त्या पेठेला परत. लोकही कुरकुर न करता पुन्हा सूपभर धान्य घालू लागले. पण हे शहाणपण जावेच्या घरी सांगायला तिथे घरच उरलं नव्हतं.

गाठीशी बांधायचं ते एवढंच : बोलणारी तोंडं किती आहेत हे मोजून भागत नाही, त्या तोंडांत घास कोण घालतो ते बघावं लागतं.