पाठुंगळीचे तळे

मोरखण गावाच्या माथ्यावर कातळाचा उघडा सडा आहे आणि सड्याच्या मधोमध एक तळे. उन्हाळ्यात तिथे ओला चिखल तेवढा उरतो. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते. या तळ्यातले बेडूक आपली पिले पाठीवर वागवतात. आषाढात त्यांच्या पाठींवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी चिकटलेली दिसतात. भाद्रपदात त्यांच्या जागी नखाएवढी पिले असतात, एकावर एक, घट्ट धरून. काठावर पाऊल वाजले की कुठलाही बेडूक पाण्यात उडी घेतो. हे घेत नाहीत. सगळे गावाच्या दिशेला तोंड करून बसतात आणि ओरडत नाहीत.

या तळ्यावर रिकाम्या पाठीने जायचे नाही, अशी मोरखणची रीत आहे. गुराखी पाठीला घोंगडी बांधतात. गवत कापायला जाणाऱ्या बायका रिकामी का होईना, टोपली अडकवतात.

गेल्या भाद्रपदात पुण्याहून काही मंडळी बेडकांचे फोटो काढायला आली, तेव्हा जयरामतात्यांनी त्यांना पायवाटेवरच थांबवले. तात्यांचे घर सड्याच्या पायथ्याशी, गावातले पहिले. तळे दाखवायचे ते त्यांनीच.

"सॅक कशाला उतरवताय? राहू दे पाठीवर."

"वाकायला अडचण होते हो, तात्या," त्यांच्यातली केतकी म्हणाली.

"होऊ दे अडचण. कॅमेरा गळ्यात आहे ना? मग झालं."

एकाकडे सॅक नव्हती. तात्यांनी खांद्यावरचे रिकामे पोते त्याच्या पाठीवर टाकले. "मला काय गिरणीत नेताय दळायला?" असे तो म्हणाला तेव्हा सगळे हसले. तात्याही हसले, पण पोत्याला नीट गाठ मारल्यावरच त्यांनी वाट सोडली. मग काठच्या कातळावर बसून त्यांनी जी हकीकत सांगितली, ती अशी.

फार पूर्वी सड्याच्या पलीकडे, डोंगरात, वरची वाडी होती. वाडी आणि तिची शेते यांच्या मधून एक ओढा वाहायचा. लावणीच्या दिवसांत तो फुगला की बायका दोर धरून कशाबशा पार व्हायच्या, आणि त्यांची पोरे आवडी पाठुंगळीला घेऊन पार करायची. आवडी ही वाडीत एकटीच राहणारी बाई. तिचीही एक मुलगी होती म्हणे. एकदा डोक्यावरचा भारा सावरायला आवडीने तिला ओढ्यातल्या दगडावर क्षणभर उतरवले, आणि वळून पाहिले तर दगडावरून नुसते पाणी वाहत होते.

त्या दिवसापासून तिने नेम धरला. दुसऱ्याचे पोर पाठीवर घेतले की ते जमिनीला टेकवायचे नाही. घेणाऱ्याने पाठ करून वाकायचे आणि पोराने या पाठीवरून त्या पाठीवर जायचे. घाईत कुणी म्हणाली, "ठेव गं तिथंच, घेते मी," तरी आवडी ऐकायची नाही. "आधी वाक," म्हणायची.

मोरखणचा मुख्य मानकरी तेव्हा विसाजी होता. त्याचा शब्द तो गावाचा शब्द. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगी सुंदरा वरच्या वाडीत दिलेली, आणि तिला नारू नावाचा मुलगा. विसाजी लेकीकडे गेला की नारू त्याच्या पाठीवर चढायचा आणि त्याचा डावा कान मुठीत धरायचा.

"कान सोड रे गाढवा. बैल आहे का मी?"

"बैलच! चल, हुर्र!"

भर गावात ज्याच्यापुढे कुणी आवाज चढवत नसे, तो विसाजी लेकीच्या अंगणात हुर्र म्हटल्यावर खरोखरच धावायचा.

एका पावसाळ्यात वरच्या वाडीत देवीची साथ आली. घरोघरी माणसे अंथरुणाला लागली, मग घरेच्या घरे शांत झाली. विसाजीने सड्याच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या आणि गावाला बजावले, वाडीचे माणूस मोरखणच्या मातीला लागता कामा नये. असे बजावताना सुंदरेचे नाव त्याच्या मनात आले नसेल, असे नाही. पण त्या बोलण्याने गाव वाचत होते, आणि लोक माना हलवत होते.

एका सकाळी धुक्यातून आवडी आली. पाठीवर नारू होता. त्याचे तोंड स्वच्छ होते, अंगावर एक फोड नव्हता.

"सुंदरेनं चढवलाय," ती काट्यांच्या पलीकडून म्हणाली. "म्हणाली, बाबांकडे ने."

काट्यांच्या अलीकडे लोक काठ्या घेऊन उभे होते. मागून कुणीतरी हळूच म्हणाले, "आता बघू या, घरच्यासाठी कुठला कायदा निघतो."

विसाजीने ते ऐकले. "आवडे," तो म्हणाला, "माझ्या हद्दीत पोर टेकवायचं नाही."

"मी कशाला टेकवते? तुम्ही वाका, दादा."

असे सांगतात की विसाजीचे गुडघे वाकू लागले होते. पण सगळे त्याच्याकडेच पाहत होते. तो पुन्हा ताठ झाला. "अंगावर काही उठतं का बघू. नाही उठलं तर मी स्वतः न्यायला येतो. तोवर थांब."

"कुठं थांबू? पुढची माती तुमची. मागं वाडीत पाऊल टाकायची सोय नाही."

"तळ्यात थांब. तळं कुणाच्याच हद्दीत नाही."

आवडी वळली, तेव्हा नारूने हात पुढे केला. "आजोबा, कान," एवढेच तो म्हणाला. मग ती घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन गावाकडे तोंड करून उभी राहिली.

विसाजी रोज सकाळी पेजेचे मडके काठावर ठेवायचा आणि लांबून पाहायचा. नारूच्या अंगावर काही उठले नाही. पण आणायचा विषय काढला की लोक म्हणायचे, अमावास्या तर होऊ दे. मग म्हणाले, देवाला कौल लावू. विसाजीलाही उद्यावर ढकलणे सोपे जाऊ लागले. रोगापेक्षा त्याला त्या मागून आलेल्या बोलण्याची भीती अधिक होती.

मग एका सकाळी आवडीच्या पाठीवर नारूखेरीज आणखी एक पोर दिसले. दुसऱ्या दिवशी आणखी. नवी पोरे जुन्यांच्या वर बसत होती, एकमेकांना धरून, आणि नारू तळाशी, तिच्या पाठीला चिकटलेला. ती कोण आणून चढवत होते, ते कुणीच पाहिले नाही. वरच्या वाडीत तोवर चालण्याजोगे कुणी उरले नव्हते, असेही सांगतात. पेज रोज संपत होती. पाऊस लागून राहिला होता. पाणी आवडीच्या गुडघ्यांपर्यंत आले, मग कमरेपर्यंत. तिने एकदाही हाक मारली नाही. ओझ्यातली सगळी तोंडे गावाकडे पाहत होती.

शेवटी विसाजी निघाला. कुणाला न विचारता काटे बाजूला करून, डोके आणि पाठ झाकणारे इरले घेऊन तळ्यापाशी गेला. दाट धुके होते. काठावरून तो ओरडला, "आवडे, ठेव गं आता! उतरव सगळ्यांना!"

धुके विरळ झाले तेव्हा तळे तुडुंब भरलेले दिसले आणि आवडी कुठेच नव्हती. काठाकाठाने बेडूक बसले होते. त्यांच्या पाठींवर पिले होती, एकावर एक. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

तो पुन्हा ओरडला. बेडूक हलले नाहीत. मग त्याला आवडीचा नेम आठवला.

विसाजीने इरले काढून कातळावर ठेवले. उघड्या अंगाने तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला, गावाकडे तोंड करून तळ्याकडे पाठ केली आणि वाकला. पाण्यात कसलाच आवाज झाला नाही. पण त्याच्या पाठीवर काहीतरी थंड टेकले, मग त्यावर दुसरे. वजन बेडकांचे नव्हते. तो वाट पाहत राहिला. लहान लहान हातांनी त्याचे खांदे धरले, मान धरली. कान कुणी धरला नाही.

वाकूनच तो घरी आला. पाहणाऱ्यांना त्याची पाठ मोकळी दिसत होती. त्याच्या बायकोने मात्र काही न विचारता दार पूर्ण उघडले आणि चुलीपाशी पेज मांडली. विसाजी चुलीकडे पाठ करून बसला. हळूहळू ओझे हलके झाले. उजाडल्यावर पाहिले तर शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे होते, पोरांच्या पावलांचे. चुलीभोवती फिरलेले. दाराकडे परत गेलेला एकही नव्हता.

नारू सगळ्यांच्या तळाशी होता. वरची उतरल्याशिवाय तो उतरणार नाही, हे विसाजीला तेव्हा कळले. तो दरवर्षी भाद्रपदात जाऊन वाकत राहिला. म्हातारा झाला तरी गेला. त्याच्या कानाला कुणाचा हात लागला नाही. मरताना त्याने हे काम मुलाला दिले.

तात्या बोलायचे थांबले. काठावरचे बेडूक होते तसेच बसले होते. पोते बांधलेल्या पाहुण्याने गाठ चाचपून पाहिली.

"पण ती पोरं अजून संपली नाहीत?" केतकीने विचारले. "एवढ्या पिढ्या झाल्या."

"एका वाडीची असती तर संपली असती," तात्या म्हणाले. "पुढंही साथी आल्याच की. कुठं कुठं पोरांना कुणी घेत नाही. आवडी घेते."

मग त्यांनी सदरा काढला, घडी करून कातळावर ठेवला आणि मंडळींना वाटेला लावले. "तुम्ही पुढं व्हा. मागं बघितलंत तरी चालेल. पाठ तेवढी झाकलेली ठेवा."

आजही मोरखणात भाद्रपदातल्या एका संध्याकाळी विसाजीच्या घरातला वडील माणूस उघड्या पाठीने तळ्यात उतरतो आणि वाकूनच घरी येतो. त्या संध्याकाळी पाहुणे तात्यांच्या अंगणात उभे होते, तेव्हा तात्या सड्यावरून हळूहळू उतरताना दिसले. चिखलात त्यांची पावले खोल उमटत होती. सून दार पूर्ण उघडून उंबऱ्याशी उभी होती. तिने आधी त्यांच्या डाव्या कानाकडे पाहिले, मग तोंडाकडे. तात्यांनी मान हलवली. नाही.

ते आत गेले. सुनेने दार लावले नाही. पदर सावरून ती बाजूला झाली आणि शेवटचे पोर आत येईपर्यंत दार धरून उभी राहिली.