सात आकड्यांची घंटा

“चिपमध्ये सातच आकडे मावतात, स्वामीजी. आठवा बसणार कुठे?”

पराशर देवस्थळे पुण्याहून आला होता. संगणकातला नावाजलेला अभियंता; नावाजलेला असल्याचं त्यानेच वाटेत दोनदा सांगितलं होतं.

डोंगरावरच्या या मठात जेवणाची घंटा एक जुनं यंत्र वाजवायचं. आतली इवलीशी चिप क्षणाचे बारीक तुकडे बेरजेत मिळवत वेळ मोजायची. बेरीज मोठी झाली, की बारीक तुकडा सात आकड्यांत मावेना. गळून जायचा. असं गळत गळत बाराची घंटा आता सव्वाला होऊ लागली होती. चौदा साधू ध्यानाला बसायचे, पण एक डोळा घंटेवर असायचा.

“मग उपाय?” चिद्घन स्वामींनी विचारलं.

“मोठी चिप. पण ती यात बसत नाही. यंत्रच टाकून द्या.”

“हं…”

स्वामी उठले. पराशरला कोठीत घेऊन गेले आणि त्याच्या हाती मापटं दिलं.

“उद्याचे तांदूळ मोज.”

“मी?”

स्वामींनी तांदळाचं पोतं पुढे सरकवलं.

पराशर बसला. मापटं भरायचं, वरची शीग हाताने सारायची, टोपलीत ओतायचं. दर खेपेला चार दाणे जमिनीवर सांडत होते.

“किती झाले?”

“बरोबर दहा मापटी.”

“आणि हे?” स्वामींनी जमिनीकडे बोट दाखवलं.

“ते मापट्यात मावले नाहीत.”

“म्हणून ते तांदूळ नाहीत?”



स्वामींनी सांडलेले दाणे वाटीत गोळा केले. अकरावं मापटं घेतलं. आधी त्यात वाटी रिकामी केली, मग वर तांदूळ भरले.

पराशर वाटीकडे बघत राहिला… आणि तांदळाचे हात तसेच घेऊन यंत्राकडे पळाला.

संध्याकाळपर्यंत त्याने चिपमधल्या सात आकड्यांच्या एका कप्प्याच्या जोडीला तसाच दुसरा बसवला. पहिल्यात बेरीज, दुसऱ्यात गळालेलं. पुढच्या खेपेला गळालेलं आधी मिळवायचं. चिप तीच.

दुसऱ्या दिवशी ठीक बाराला घंटा झाली. साधू धावले. पानं मांडली गेली. पराशर स्वामींसमोर ताठ उभा राहिला.

“सात आकड्यांच्या चिपमधून चौदा आकडे काढले, स्वामीजी! आता केसाचाही फरक नाही.”

तेवढ्यात आचारी बाळंभट पळी घेऊनच बाहेर आले.

“कोणी बडवली ही घंटा? महिनाभर सव्वाच्या बेताने रांधतोय मी! भात आत्ता कुठे चुलीवर चढवलाय!”

चौदा साधू रिकाम्या पानांवर बसून पराशरकडे बघू लागले.

“पण स्वामीजी… बरोबर वेळ हीच आहे!”

स्वामींनी शांतपणे मांडी घातली.

“ते भाताला सांग.”